‘ग्राफीन बॅटरी’ लिहिलंय खरं, पण आत नेमकं काय आहे?

इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायला निघालेल्या माणसाला हल्ली दोन शब्द हमखास ऐकायला मिळतात: ‘ग्राफीन बॅटरी’. दुकानदार सांगतो, जाहिरातीत छापलेलं असतं, शेजारचाही सांगतो की ‘ती घ्या, जास्त टिकते’. दुसरीकडे विज्ञानाच्या बातम्यांत अधूनमधून मथळा येतो, ‘ग्राफीनमुळे लिथियम बॅटरीची क्षमता दुप्पट-तिप्पट’. साहजिकच वाचणाऱ्याला वाटतं की बातमीतलं ग्राफीन आता आपल्या गावच्या दुकानात येऊन पोहोचलं.

तसं झालेलं नाही. बातमीतलं ग्राफीन वेगळं आणि दुकानातलं बहुतेक वेळा वेगळं. हा फरक कळला तर पन्नास-साठ हजारांचा व्यवहार डोळे उघडे ठेवून करता येतो. त्यासाठी आधी प्रयोगशाळेत काय चाललंय ते नीट समजून घेऊ.

बॅटरीत चालतं तरी काय?

लिथियम-आयन बॅटरीत दोन टोकं असतात. एक कॅथोड, दुसरं अ‍ॅनोड. चार्जिंगला लावलं की लिथियमचे आयन कॅथोडमधून निघून अ‍ॅनोडमध्ये जाऊन बसतात. आपण फोन किंवा गाडी वापरतो तेव्हा ते उलटे घरी परततात. आयन बॅटरीच्या आतून जातात, इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून जातात, आणि त्या इलेक्ट्रॉनच्या प्रवाहावर आपलं काम चालतं.

ही बॅटरी १९९१ साली सोनी कंपनीनं पहिल्यांदा बाजारात आणली. त्यामागच्या संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

आजच्या बहुतेक बॅटऱ्यांत अ‍ॅनोड असतो ग्रॅफाइटचा. ग्रॅफाइट म्हणजे पेन्सिलीतल्या शिशात असतं तेच. त्याची रचना पोळ्यांच्या चवडीसारखी, एकावर एक कार्बनचे पातळ थर. लिथियमचे आयन या थरांच्या मधल्या फटीत शिरून बसतात. अडचण एवढीच की जागा मोजकी आहे. कार्बनच्या सहा अणूंमागे लिथियमचा एकच आयन मावतो. त्यामुळे ग्रॅफाइटची क्षमता ग्रॅमला जास्तीत जास्त ३७२ मिलिअँपिअर-तास, म्हणजे फोनच्या खोक्यावर असतं ते ‘एमएएच’. कितीही सुधारणा केली तरी ग्रॅफाइट या आकड्याच्या पुढे जात नाही.

धातूच्या ऑक्साइडची भुरळ

इथं धातूंची ऑक्साइडं येतात. गोव्याच्या खाणींतून जे तांबूस लोहखनिज निघतं, त्याचा मुख्य घटक हेमेटाइट, म्हणजेच लोहाचं ऑक्साइड. हे संयुग शुद्ध करून, अतिसूक्ष्म कणांच्या रूपात अ‍ॅनोडला वापरलं, तर कागदावर त्याची क्षमता ग्रॅमला १००७ एमएएच येते. कोबाल्टच्या ऑक्साइडची ८९०. कथिलाच्या ऑक्साइडची साधारण ७८२. ग्रॅफाइटच्या दुप्पट ते पावणेतीनपट!

हे जमतं कसं? ग्रॅफाइटमध्ये लिथियम पाहुण्यासारखा येतो, बसतो, निघून जातो, घर तसंच राहतं. ऑक्साइडमध्ये तो घरच मोडतो. लोहाच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन लिथियम स्वतःकडे ओढून घेतो, मागे उरतो निव्वळ लोह. बॅटरी वापरली की उलट क्रिया होऊन पुन्हा ऑक्साइड तयार होतं. सगळे अणू कामाला लागतात, म्हणून क्षमता मोठी.

जपानच्या फुजी फोटो फिल्मच्या संशोधकांनी १९९७ मध्ये कथिलाच्या ऑक्साइडवर आधारलेला अ‍ॅनोड ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडला. २००० साली फ्रान्समधल्या जाँ-मारी तारास्कों यांच्या गटानं ‘नेचर’मध्ये दाखवलं की कोबाल्ट, निकेल, लोह अशा धातूंच्या ऑक्साइडचे नॅनो आकाराचे कण घेतले तर ही मोडतोड-जोडणी पुन्हा पुन्हा करता येते. तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळा या विषयाच्या मागे लागल्या.

फुगणं, तडकणं आणि साय

अर्थात घर मोडून पुन्हा बांधायचं म्हटलं की भिंतींचं काय होणार, हा प्रश्न आलाच. ऑक्साइडच्या मार्गात तीन अडचणी आहेत.

पहिली अडचण फुगण्याची. रात्री भिजत घातलेले हरभरे सकाळी टम्म फुगतात, तसा लिथियम घेतलेला कण फुगतो. कथिलाच्या बाबतीत आकारमान मूळच्या साधारण साडेतीन पटीपर्यंत जातं. लिथियम निघून गेला की कण आक्रसतो. रोज फुगायचं, रोज आक्रसायचं. उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात तसे कण तडकतात, तुकडे एकमेकांपासून सुटतात आणि सुटलेला तुकडा बॅटरीच्या दृष्टीनं मेलेला असतो.

दुसरी अडचण विजेची. बहुतेक ऑक्साइडं विजेची चांगली वाहक नाहीत. इलेक्ट्रॉनला कणाच्या आतपर्यंत पोहोचायला वाट मिळाली नाही तर क्षमता कागदावरच राहते.

तिसरी अडचण फारशी बोलली जात नाही, पण तीच सगळ्यात महत्त्वाची. दूध तापवलं की वर साय धरते. बॅटरीतलं द्रावण अ‍ॅनोडला भिडलं की अ‍ॅनोडवरही अशीच एक पातळ साय धरते. ती असणं चांगलं, कारण ती आतल्या अ‍ॅनोडचं रक्षण करते. ग्रॅफाइटवर ही साय पहिल्या काही वेळांत तयार होते आणि बरीचशी टिकते. ऑक्साइडचा कण मात्र तडकला की साय फाटते, नवा उघडा भाग दिसतो, त्यावर पुन्हा साय धरते. प्रत्येक वेळी थोडं लिथियम आणि थोडं द्रावण त्यात खर्ची पडतं. सायीत गेलेलं लिथियम परत येत नाही.

ग्राफीन यात काय करतं?

ग्रॅफाइटच्या चवडीतली एकच पोळी अलगद सोडवली तर ती ग्राफीन. जाडी कार्बनच्या एका अणूइतकी. एक मिलिमीटर जाडीच्या ग्रॅफाइटमध्ये असे सुमारे तीस लाख थर असतात. मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी साध्या चिकटपट्टीनं ग्रॅफाइटचे थर सोलत सोलत ग्राफीन वेगळं केलं. ते काम २००४ मध्ये प्रसिद्ध झालं आणि २०१० मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

चिकटपट्टीनं किलोभर ग्राफीन काही निघत नाही. त्यासाठी जुनी रासायनिक वाट आहे, १९५८ ची, हमर्स यांच्या नावानं ओळखली जाणारी. ग्रॅफाइटची पूड सल्फ्युरिक अ‍ॅसिड आणि पोटॅशियम परमँगनेटमध्ये टाकायची. हो, तेच जांभळं परमँगनेट, जे आपल्याकडे विहिरीत टाकतात. त्यानं थरांवर ऑक्सिजनचे गट चिकटतात, थर फुगून पाण्यात सुटे होतात. याला म्हणतात ग्राफीन ऑक्साइड. नंतर त्यातला ऑक्सिजन काढून टाकला की बऱ्यापैकी ग्राफीन हाती येतं. सोललेल्या शुद्ध ग्राफीनइतकं ते निर्दोष नसतं, पण बॅटरीला चालतं.

संमिश्र करायची पद्धतही समजायला सोपी आहे. ग्राफीन ऑक्साइड मिसळलेल्या पाण्यात लोहाचा किंवा कथिलाचा क्षार टाकतात. धातूचे आयन त्या ऑक्सिजनच्या गटांना जाऊन धरतात. मग हे मिश्रण घट्ट बंद होणाऱ्या पोलादी भांड्यात घालून १५० ते २०० अंश सेल्सिअसला काही तास ठेवतात. प्रेशर कुकरचंच तत्त्व, फक्त तापमान आणि दाब जास्त. बाहेर येते ती काळी भुकटी: ग्राफीनच्या पापुद्र्यांवर ऑक्साइडचे नॅनो कण टिपक्यांसारखे चिकटलेले.

आता यात दोघांचाही फायदा आहे. ग्राफीन वीज उत्तम वाहतं, त्यामुळे प्रत्येक कणापर्यंत इलेक्ट्रॉनला रस्ता मिळतो. ग्राफीन लवचीक आहे, त्यामुळे कण फुगला तरी त्याला सामावून घेतं आणि कण तडकला तरी तुकडे धरून ठेवतं. उलट ऑक्साइडही ग्राफीनचं एक काम करतं. ग्राफीनचे पापुद्रे मोकळे सोडले तर पुन्हा एकमेकांना चिकटून ग्रॅफाइटसारखी चवड बनते. पोळ्या चिकटू नयेत म्हणून मधे पीठ भुरभुरावं, तसे ऑक्साइडचे कण पापुद्र्यांना वेगवेगळं ठेवतात.

प्रयोगात काय दिसलं?

एक गाजलेला प्रयोग घेऊ. २००९ मध्ये जपानमधल्या इतारू होन्मा यांच्या गटानं कथिलाचं ऑक्साइड आणि ग्राफीन यांच्या संमिश्राचे निकाल ‘नॅनो लेटर्स’मध्ये दिले. नुसत्या कथिल-ऑक्साइडच्या कणांची क्षमता सुरुवातीला ५५० एमएएच होती. फक्त १५ वेळा चार्ज-डिस्चार्ज केल्यावर ती ६० वर आली. म्हणजे जवळजवळ संपलीच. ग्राफीनसोबतचं संमिश्र ८१० पासून सुरू झालं आणि ३० फेऱ्यांनंतरही ५७० वर होतं.

यावरून ग्राफीन काम करतं, यात शंका राहत नाही. पुढच्या वर्षी अमेरिकेत स्टॅनफर्डला मँगनीजच्या ऑक्साइडवर आणि चीनमध्ये शेनयांगला कोबाल्टच्या ऑक्साइडवर असेच प्रयोग झाले. दोन्हीकडे ग्रॅमला ९०० च्या आसपास आकडे मिळाले.

पण तेच आकडे ग्राहक म्हणून वाचा. ८१० वरून ५७० म्हणजे सुमारे ७० टक्के क्षमता उरली, तीही ३० फेऱ्यांत. रोज एकदा फोन चार्ज करणाऱ्याचा हा एक महिना झाला! गाडीच्या बॅटरीकडून आपण हजार फेऱ्यांनंतरही ८० टक्के शिल्लक मागतो. त्यासाठी प्रत्येक फेरीत ९९.९८ टक्के क्षमता टिकायला हवी. नंतरच्या प्रयोगांत टिकाऊपणा बराच वाढला, शेकडो फेऱ्यांपर्यंत गेला. तरीही बाजारातल्या अ‍ॅनोडची जागा या संमिश्रांनी घेतलेली नाही. त्याचं कारण फक्त टिकाऊपणा नाही.

गणित कुठं अडतं?

फोनची ५००० एमएएचची बॅटरी घेऊ. तिच्यात ग्रॅफाइट किमान साडेतेरा ग्रॅम लागतं. समोरचा कॅथोड लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा, त्याची क्षमता ग्रॅमला १७० धरली तर तो सुमारे साडेएकोणतीस ग्रॅम. दोन्ही मिळून ४३ ग्रॅम. आता ग्रॅफाइट काढून १००७ क्षमतेचं लोह-ऑक्साइड घातलं. अ‍ॅनोड ५ ग्रॅमवर आला. पण कॅथोड तेवढाच राहिला! बेरीज साडेचौतीस ग्रॅम. म्हणजे अ‍ॅनोडची क्षमता पावणेतीनपट झाली, आणि वजन वाचलं फक्त २० टक्के. मथळ्यातलं ‘तिप्पट’ इथंच विरघळतं.

आणि अजून व्होल्टेजचा हिशेब बाकी आहे. छतावरच्या टाकीत पाणी किती आहे एवढं महत्त्वाचं नसतं, टाकी किती उंचावर आहे हेही महत्त्वाचं. क्षमता म्हणजे पाणी, व्होल्टेज म्हणजे उंची, आणि ऊर्जा म्हणजे दोन्हींचा गुणाकार. ग्रॅफाइटच्या बॅटरीला सरासरी ३.८ व्होल्ट मिळतात. लोह-ऑक्साइडचा अ‍ॅनोड लिथियम परत देतो तो बऱ्याच वरच्या व्होल्टेजला, त्यामुळे पूर्ण बॅटरीला उरतात साधारण सव्वादोन व्होल्ट. पहिल्या बॅटरीत ऊर्जा १९ वॅट-तास, दुसरीत जेमतेम ११. वजन २० टक्के कमी, पण ऊर्जा ४० टक्के कमी. सौदा तोट्याचा.

वर चार्ज करताना लागतात सुमारे तीन व्होल्ट आणि परत मिळतात सव्वादोन. म्हणजे घरच्या मीटरवर मोजलेल्या विजेतला साधारण पाव भाग उष्णतेत जाणार. कथिलाच्या ऑक्साइडमध्ये व्होल्टेजचा तोटा कमी आहे, पण तिथं दुसरं दुखणं. पहिल्याच चार्जिंगला आत गेलेल्या लिथियमपैकी जवळजवळ निम्मं ऑक्सिजनला चिकटून अडकतं. ग्राफीनचा पृष्ठभाग प्रचंड, म्हणून त्यावर सायही जास्त धरते, त्यातही लिथियम जातं.

मग प्रयोगशाळेत हे दिसत कसं नाही? कारण संशोधनातल्या बहुतेक चाचण्यांत नाण्याएवढी छोटी बॅटरी असते आणि समोरच्या टोकाला लिथियम धातूची चकती असते. म्हणजे लिथियमची विहीरच शेजारी. कितीही गळती झाली तरी कमी पडत नाही. खऱ्या बॅटरीत मात्र लिथियम कॅथोडमध्ये असेल तेवढंच, हंड्यातलं मोजकं पाणी. गळती लगेच अंगावर येते.

कमी आकड्याचं ऑक्साइड मात्र विकलं जातं

गंमत अशी की अ‍ॅनोडमध्ये धातूचं ऑक्साइड वापरणाऱ्या बॅटऱ्या बाजारात आहेत. फक्त त्या लोहाच्या किंवा कोबाल्टच्या नाहीत. लिथियम टायटनेट हे लिथियम आणि टायटॅनियमचं ऑक्साइड. क्षमता ग्रॅमला १७५ च्या आसपास, ग्रॅफाइटच्या निम्मीसुद्धा नाही. व्होल्टेजही कमी मिळतं. तरी तोशिबा कंपनी त्याची बॅटरी २००८ पासून विकते आहे. कारण हे ऑक्साइड लिथियम घेताना जवळजवळ फुगतच नाही. त्यामुळे ते हजारो फेऱ्या टिकतं, झटपट चार्ज होतं आणि सुरक्षितही आहे. जिथं वजनापेक्षा टिकणं महत्त्वाचं, तिथं ते परवडतं.

ग्राफीन-ऑक्साइडवरचं इतक्या वर्षांचं संशोधन वाया गेलं असंही नाही. फुगणाऱ्या कणाला कार्बनच्या आवरणात ठेवायचं, ही कल्पना आता सिलिकॉनसाठी वापरली जाते. सिलिकॉन ऑक्साइड कार्बनचा थर देऊन ग्रॅफाइटमध्ये थोड्या प्रमाणात मिसळलेल्या बॅटऱ्या गाड्यांमध्ये आहेत. ग्राफीन स्वतः काही लिथियम बॅटऱ्यांत वीज वाहून नेणारा पूरक पदार्थ म्हणून अत्यल्प प्रमाणात घालतात. आपल्याकडे पुणे, हैदराबाद आणि त्रिशूर इथं प्रयोगशाळा असलेली केंद्र सरकारची ‘सी-मेट’ ही संस्था अशा पदार्थांवर काम करते.

दुकानात काय विचारायचं?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कमी वेगाच्या, नोंदणी न लागणाऱ्या स्कूटरसोबत जी ‘ग्राफीन बॅटरी’ मिळते, ती अनेकदा लिथियमची नसतेच. ती असते शिसं आणि अ‍ॅसिडची बॅटरी, इन्व्हर्टरच्या बॅटरीच्या कुळातली, जिच्या प्लेटमध्ये ग्राफीन किंवा कार्बन थोडं मिसळलेलं असतं. हे फसवंच असतं असं नाही. कार्बन घातल्यानं शिशाच्या प्लेटवर कठीण क्षार साचणं कमी होतं, बॅटरी साध्या शिसं-अ‍ॅसिडपेक्षा बरी चालू शकते. पण ती लिथियम नाही, आणि लिथियमचा भाव देऊन घेण्यासारखी तर नाहीच.

पहिला प्रश्न सरळ विचारा: ‘बॅटरी लिथियमची की लेड-अ‍ॅसिडची?’ लिथियमची म्हणाले तर कुठली, एलएफपी की एनएमसी, तेही विचारा. उत्तर ‘ग्राफीन’ एवढंच आलं तर प्रश्नाचं उत्तर मिळालेलं नाही.

दुसरं, वजन पाहा. १२ व्होल्ट, २० अँपिअर-तासाचा शिशाचा एक ठोकळा साधारण सहा-सात किलोचा असतो. ६० व्होल्टच्या गाडीत असे पाच, म्हणजे ३० किलोच्या वर. तेवढ्याच ऊर्जेची लिथियम बॅटरी साधारण १० ते १५ किलोत बसते. उचलून बघितलं तरी कळतं.

तिसरं, वॉरंटीचा कागद वाचा. वर्षं किती आणि किती टक्के क्षमता उरेपर्यंत, हे दोन्ही लेखी घ्या. बिलावर बॅटरीचा प्रकार लिहून मागा. उद्या तक्रार करायची वेळ आली, तर जाहिरातीतला शब्द उपयोगी पडत नाही, बिलावरचा पडतो.

चौथं, चार्जर बदलू नका. शिसं-अ‍ॅसिडचा चार्जर लिथियमला लावणं धोक्याचं आहे, आणि उलटंही करू नये.

आणि पुढच्या वेळी ‘क्षमता तिप्पट’ अशी बातमी वाचलीत की तीन गोष्टी शोधा: किती फेऱ्यांनंतर, पूर्ण बॅटरीत की लिथियमच्या चकतीसमोर, आणि किती व्होल्टला. या तिन्हींची उत्तरं बातमीत नसतील, तर ते संशोधन चांगलं असू शकेल, पण तुमच्या गाडीपर्यंत यायला त्याला अजून बराच रस्ता कापायचा आहे असं समजा.